फोटोतून काढलेले चष्मे

गिऱ्हाईक मागेल ते द्यावं, आणि ते हसतमुखानं दुकानाची पायरी उतरलं की आपलं काम झालं, असं मी कितीतरी वर्षं मानत आलो. कोल्हापुरात माझा फोटो स्टुडिओ आहे. पासपोर्टपासून बारशापर्यंत सगळे फोटो काढले, पण नाव झालं ते स्थळासाठीच्या फोटोंमुळे. कागल, गडहिंग्लज, राधानगरीकडून लोक मुलींना घेऊन यायचे. टचिंग करावं तर यांनीच, असं म्हणायचे. त्या टचिंगबद्दलचं, म्हणजे फोटोवरच्या दुरुस्तीबद्दलचं, माझं मत अलीकडे बदललं, आणि ते बदललं एका चष्म्याच्या दुकानात. हे घरी कुणाला तोंडानं सांगणं जमलं नाही, म्हणून लिहितो आहे.

मी काम शिकलो तेव्हा 120चा रोल असायचा, बारा फोटोंचा. निगेटिव्ह धुऊन वाळली की ती उतरत्या डेस्कच्या काचेवर ठेवायची, खालून उजेड घ्यायचा आणि बारीक टोकाच्या पेन्सिलनं तिच्यावर काम करायचं. चेहऱ्यावरचा काळा डाग, सुरकुती, मुरुमाचा खड्डा निगेटिव्हवर पातळ दिसतो. तिथं पेन्सिलीचे ठिपके भरले की छापताना ती जागा उजळ येते. छापताना चेहऱ्यापुरता उजेड थोडा अडवला की सावळी मुलगी गोरी होते. हाताला सवय लागली की हे सगळं सहज जमतं, आणि पाहणाऱ्याला पेन्सिल कुठं लागली हे कळतसुद्धा नाही. फोटोशॉप 1990 साली निघालं. माझ्या टेबलावर ते यायला त्या दशकाची अखेर उजाडली. पेन्सिल गेली, माउस आला, काम तेच राहिलं.

या कामातल्या काढायच्या गोष्टींच्या यादीत मुरूम होते, देवीचे व्रण होते, आणि चष्मा होता. लग्नाच्या बायोडाटात उंची, वर्ण, रक्तगट या ओळींच्या खाली ‘चष्मा : आहे / नाही’ अशी एक ओळ असायची. काही ठिकाणी ती अजून असते. त्यामुळे मुलगी कॅमेऱ्यासमोर बसली की तिचे वडील किंवा आई आधी मला खूण करायचे आणि मी म्हणायचो, “चष्मा काढ गं बाळा.” ती काढायची आणि मांडीवर ठेवायची. मोठा नंबर असलेल्या मुलीला मग कॅमेरा कुठं आहे हेच नीट दिसायचं नाही. नजर भलतीकडे जायची. त्यावर मी उपाय काढला होता. लेन्सच्या बाजूला लाल रुमाल बांधायचो आणि सांगायचो, “त्या लालकडे बघ.” नाकाच्या दोन्ही बाजूंना चष्म्याचे दाबल्याचे वळ उठलेले असायचे, ते नंतर पेन्सिलनं भरून टाकायचो. हा रुमाल मी नव्या मुलांना शिकवत असे, धंद्यातली युक्ती म्हणून.

एकदा एका मुलीचे वडील फोटोची पाकिटं घेऊन परत आले. बघायला आलेल्या मंडळींनी भर बैठकीत विचारलं होतं, की फोटोत चष्मा नव्हता, मग ही लपवाछपवी कशाला? स्थळ मोडलं. वडील माझ्याशी भांडायला आले नव्हते, फक्त सांगायला आले होते. मी त्यांना म्हणालो, “साहेब, तुम्हीच तर काढायला सांगितला होता.” ते गप्प झाले. मीही तो विषय मनातून काढून टाकला. त्या मुलीला तिकडे काय ऐकावं लागलं असेल, हा विचार तेव्हा माझ्या मनाला शिवला नाही. हे वाक्य लिहिताना मला माझीच शरम वाटते, पण ते खरं आहे.

माझ्या धंद्यावर कुणी बोट ठेवलं की मला राग यायचा. फ्रान्समध्ये 1 ऑक्टोबर 2017 पासून एक नियम आला. जाहिरातीतल्या मॉडेलचं शरीर फोटोत बारीक किंवा जाड केलं असेल, तर फोटो दुरुस्त केला आहे असं तिथं छापावं लागतं. वाचून मी म्हणालो होतो, असल्या लोकांना कामं नाहीत. त्याच्या आदल्या वर्षी, 1 नोव्हेंबर 2016 पासून, अमेरिकेनं व्हिसाच्या फोटोत चष्मा बंद केला. तो नियम मात्र मी लगेच पदरात घेतला. “बघा, अमेरिकासुद्धा चष्मा काढायला लावते,” असं मी गिऱ्हाइकांना सांगायचो. दोन्हीतला फरक माझ्यासारख्या फोटोवाल्याला कळायला हवा होता. त्यांना माणूस ओळखू यावा म्हणून चष्मा नको होता, आणि आम्हाला तो ओळखू येऊ नये म्हणून.

तर माझ्या स्वतःच्या डोळ्यांची गोष्ट. चाळिशीनंतर डोळ्यातलं भिंग ताठर होत जातं आणि जवळचं धूसर होतं. ते सगळ्यांचंच होतं. मी बरीच वर्षं रस्त्यावरचे तयार चष्मे घेऊन काम भागवलं. पुढे लांबचंही नीट दिसेना, तेव्हा मुलाच्या आग्रहावरून एका दुकानात गेलो. तिथं तपासणीला एक तरुण ऑप्टोमेट्रिस्ट होती. मोठी, चकचकीत दुकानं गोड बोलून खिसा कापतात अशी माझी ठाम समजूत. त्यामुळे तिनं पाणी विचारलं तेव्हाच मी सावध झालो.

मी म्हणालो, प्रोग्रेसिव्ह द्या, एकाच चष्म्यात सगळं. त्या काचेत वरच्या भागातून लांबचं दिसतं, मधून हाताच्या अंतरावरचं आणि खालून वाचायचं; 1959 साली फ्रान्समध्ये बर्नार मेतेनाझ यांच्या व्हॅरिलक्सनं ती बाजारात रुळवली. तिनं विचारलं, “काका, दिवसभर काय काम करता?” मी म्हणालो, कॉम्प्युटरवर फोटो. तिनं स्क्रीन किती अंतरावर असते ते मला हातानं दाखवायला सांगितलं आणि म्हणाली, “मग त्या कामाला प्रोग्रेसिव्ह नका वापरू. मधला पट्टा अरुंद असतो, कडेला धूसर दिसतं, दिवसभर मान वर करून बसाल. स्क्रीनच्या अंतराचा साधा चष्मा वेगळा करू. तो स्वस्त पडेल. बाहेर फिरायला प्रोग्रेसिव्ह घ्या, तोही मधल्या किमतीतला पुरेल.” मला वाटलं, पोरगी नवी आहे, धंदा शिकायची आहे.

चष्मा मिळाला. स्क्रीनचा उत्तम होता. प्रोग्रेसिव्हमधून वाचताना मात्र हनुवटी उचलावी लागायची. वय झालं, असं म्हणून मी गप्प बसलो. काही दिवसांनी तिचाच फोन आला, वाचायला कसं वाटतंय म्हणून. मी म्हणालो, ठीक आहे. “ठीक म्हणजे कसं? मान वर करावी लागते का?” मी हो म्हणालो, तर तिनं बोलावून घेतलं. नाकाचे पॅड आत घेतले, काडी गरम करून कानामागे वाकवली, मग काचेवर मार्करनं माझ्या बुबुळांच्या जागी ठिपके केले आणि पट्टीनं खालच्या कडेपासून अंतर मोजलं. पुन्हा मोजलं. मग माझ्याकडे बघून म्हणाली, “काका, उंचीचं माप माझ्याकडून चुकलंय. दोनच मिलिमीटर आहे, पण या काचेत तेवढ्यानं फरक पडतो. काचा नव्या करून देते, पैसे नाहीत.”

मी घरी गेलो तो हे वाक्य घेऊनच. मला काहीच कळलं नव्हतं. मी तक्रारही केली नव्हती. गिऱ्हाईक समाधानी आहे म्हणतंय, तर आपली चूक आपण होऊन कोण सांगतं? मी तर कधीच सांगितली नव्हती.

नव्या काचांचा चष्मा घ्यायला गेलो तेव्हा तिथल्या मुलानं माझा फोटो काढला. नवा चष्मा घातलेल्या गिऱ्हाइकाचा फोटो ते व्हॉट्सॲपवर पाठवतात आणि दुकानातल्या भिंतीवरच्या पडद्यावर लावतात. रात्री तो फोटो आला आणि माझं डोकं फिरलं. चेहऱ्यावर एक सुरकुती नव्हती. रंग दोन छटांनी उजळ होता. डोळे मोठे केलेले, त्यातही एक दुसऱ्यापेक्षा मोठा. डोळ्याखालचं काळं पुसताना फ्रेमची सावली गेली होती, त्यामुळे चष्मा चेहऱ्यावर बसलेला न दिसता समोर चिकटवल्यासारखा दिसत होता. आणि उजवी काडी कानापर्यंत पोचतच नव्हती, गालावरच संपत होती. इतकी नीट मापं घेणारं दुकान, आणि असलं टचिंग! मी ठरवलं, उद्या जाऊन सांगायचं. फोटो दुरुस्त करू नका असं सांगायला मी निघालो नव्हतो. दुरुस्ती कशी करतात ते त्यांना शिकवायला निघालो होतो.

मी गेलो तेव्हा एक बाई आणि त्यांची नववी-दहावीतली मुलगी आधीपासून बसल्या होत्या. मुलीचा नंबर मायनस आठच्या आसपास. आई म्हणत होती, “थोडा कमी नंबरच द्या, पूर्ण दिला की वाढत जातो.” ऑप्टोमेट्रिस्टनं तिला समजावलं, की या वयात नंबर वाढतो तो बुबुळामागे डोळ्याचा गोळा लांबत जातो म्हणून, चष्म्यामुळे नाही. मुलांना मुद्दाम कमी नंबर देऊन पाहिल्याचा एक अभ्यास मलेशियात झाला होता, 2002 साली प्रसिद्ध झालेला. त्यात उलट त्या मुलांचाच नंबर जास्त वेगानं वाढला. “तिला रोज थोडा वेळ मोकळ्या उजेडात खेळू द्या, त्याचा उपयोग होतो,” ती म्हणाली. आई फारशी खूश झाली नाही. मी मनात म्हटलं, गिऱ्हाईक गेलं.

मुलीनं फ्रेम निवडली. तिच्या नंबरच्या काचा तात्पुरत्या त्या फ्रेममध्ये बसवल्या होत्या. त्या मुलानं सवयीनं तिचा फोटो काढला आणि तो पडद्यावर आला. तिच्याही फोटोवर तीच करामत झाली होती. मी धंद्यातला माणूस, मला आधी काचांच्या आतली चेहऱ्याची कड दिसली. मायनसच्या काचेतून डोळा लहान दिसतो आणि गालाची रेघ आत सरकलेली दिसते. नंबर जितका मोठा तितकी जास्त. फोटोत ती रेघ सरळ झाली होती आणि डोळे टपोरे. काच जणू नुसती खिडकीची काच होती. गंमत म्हणजे माझ्या फोटोइतकं हे काम वाईट झालं नव्हतं. चांगलंच जमून गेलं होतं. मी केलं असतं तर असंच केलं असतं.

मुलगी पडद्याकडे बघत राहिली. तिचा चेहरा खुलला. मग तिनं विचारलं, “मॅडम, या फ्रेममध्ये माझे डोळे असे दिसतात?”

दुकानात क्षणभर कुणी बोललं नाही. माझ्या मनात उत्तर तयार होतं. माझ्या तोंडून ते इतक्या वर्षांत इतक्या वेळा बाहेर पडलं होतं, की विचार करायचीही गरज नव्हती: हो बाळा, छान दिसतेस. आईही तेच ऐकायला थांबली होती. विक्री त्या एका शब्दावर उभी होती.

ऑप्टोमेट्रिस्टनं खुर्ची ओढली आणि मुलीच्या समोर बसली. आईकडे तिनं पाहिलंही नाही. म्हणाली, “नाही. फोनमधल्या फिल्टरनं डोळे मोठे केलेत. तुझ्या नंबरची काच डोळा थोडा लहान दाखवणारच. मी तुला खोटं सांगितलं तर उद्या आरशात बघून तुला वाटेल, आपल्यातच काहीतरी कमी आहे. जे करता येतं ते सांगते. फ्रेम लहान आणि गोलसर घेऊ, डोळा बरोबर मध्यभागी येईल अशी, म्हणजे कडा जाड होणार नाहीत. काच जास्त इंडेक्सची घेऊ, ती पातळ होते. डोळ्याच्या जवळ बसेल असं करू, तेवढा फरक पडेल. आणि कोटिंग केलं की समोरच्याला चमक न दिसता तुझे डोळे दिसतील. बाकी डोळे तुझेच आहेत, आणि या काचेतून तुला फळा शेवटच्या बाकावरून वाचता येईल.” मग त्या मुलाला म्हणाली, “तो फोटो काढून टाक. आणि उद्यापासून फिल्टर बंद.”

मुलीचा चेहरा पडला, हे लिहायला हवं. खरं ऐकून ती लगेच फुलली वगैरे काही झालं नाही. तिचे डोळे भरले. पण ती उठली नाही. थोड्या वेळानं तिनं हातातली मोठी फ्रेम खाली ठेवली आणि म्हणाली, “गोल दाखवा.”

मी फोटोबद्दल काही न बोलता बाहेर आलो. मला तो लाल रुमाल आठवत होता. इतकी वर्षं ती माझी हुशारी होती. त्या दिवशी पहिल्यांदा मी त्याच्याकडे दुसऱ्या बाजूनं पाहिलं. समोर एक मुलगी बसली आहे. तिला दिसत नाही. तिला दिसत नाही असं मी केलं आहे. आणि मग मी तिला एक लाल ठिपका देऊन सांगतो आहे, की हसून तिकडे बघ. पुढे असंच बिनचष्म्यानं तिला पोह्यांचा ट्रे घेऊन बैठकीत पाठवलं गेलं असेल, आणि ज्याच्याशी जन्म काढायचा त्याचा चेहरा तिला धूसर दिसला असेल. त्या वडिलांनी परत आणलेली पाकिटंही आठवली. त्यांना मी दिलेलं उत्तर आठवलं.

वाईट खोटं लगेच ओळखू येतं. माझं ओळखू येत नसे, आणि त्याचाच मला अभिमान होता. कानापर्यंत न पोचलेल्या काडीवर मी चिडलो, कारण ती पकडली जात होती.

आणखी एक गोष्ट कबूल करायची आहे, कारण तिच्याशिवाय हे सगळं घरच्यांच्या हट्टावर ढकलून मोकळं होता येईल. चष्म्याचा फोटो काढणं अवघड असतं. काचेवर दिव्याची चमक येते. ती टाळता येते. दिवा उंच आणि बाजूला घ्यायचा, हनुवटी किंचित खाली, काड्या कानावर केसभर उचलायच्या म्हणजे काचा खाली झुकतात आणि चमक कॅमेऱ्यात येत नाही. हे मला पहिल्यापासून येत होतं. संस्थांच्या अध्यक्षांचे, प्राचार्यांचे, वकिलांचे फोटो मी चष्म्यासकट, एक ठिपका चमक न येऊ देता काढले आहेत. त्यांना चष्मा काढा असं मी कधी म्हटलं नाही. पुरुषाच्या चेहऱ्यावर चष्मा विद्वत्ता आणि मुलीच्या चेहऱ्यावर व्यंग, हा भेद समाजाचा होताच, पण दिवा हलवायचे कष्ट कुणासाठी घ्यायचे हे मी ठरवत होतो.

चष्मा म्हणजे झाकायचं व्यंग, ही माझी समजूत किती खोल होती ते मला नंतर कळलं. आसाममध्ये चहाच्या मळ्यातल्या चाळिशीपुढच्या कामगारांना जवळचे चष्मे देऊन पाहिलेला एक प्रयोग वाचनात आला. निष्कर्ष 2018 साली प्रसिद्ध झाले. चष्मा मिळालेल्यांची पानं खुडण्याची क्षमता चष्मा न मिळालेल्यांपेक्षा जवळजवळ 22 टक्क्यांनी जास्त वाढली. त्यांच्या मजुरीशी जोडलेली ही गोष्ट होती. मी मात्र ज्या काचेतून माणूस जग वाचतो ती मुरुमांच्या यादीत घालून ठेवली होती.

टचिंग मी सोडलेलं नाही. पंधरा दिवसांत आपोआप जाणारा मुरूम काढायला मला आजही हरकत वाटत नाही. जे त्या माणसाचं कायमचं आहे त्याला हात लावायचा नाही, एवढं ठरवलं आहे. रंग गोरा करणं बंद केलं. काही लोक त्यामुळे दुसरीकडे जातात. मुलगा म्हणतो, बाबा, मोबाइलवर फुकट होतं ते, तुम्ही न केल्यानं काय थांबणार? त्याचं बरोबर आहे, काही थांबणार नाही. पण माझ्या स्टुडिओचा शिक्का असलेल्या फोटोवर ते होणार नाही.

त्या दुकानात मला जे समजलं ते गिऱ्हाइकाबद्दल होतं. पैसे आई देणार होती, पण ती ऑप्टोमेट्रिस्ट बोलत होती मुलीशी, कारण चष्मा मुलीच्या नाकावर बसणार होता. मी जन्मभर पैसे देणाऱ्याला गिऱ्हाईक समजलो. जिचा फोटो काढत होतो तिला एकदाही विचारलं नाही. आता विचारतो. वडिलांना जरा बाहेर बसायला सांगतो आणि मुलीला म्हणतो, “तुला कसा हवा, चष्म्यासकट की चष्म्याशिवाय?” बऱ्याच जणी आधी दाराकडे बघतात. काही जणी काढायचाच म्हणतात, आणि मग मी तसा फोटो घेतो, कारण तो त्यांचा निर्णय आहे. त्यातल्या कुणाचं उत्तर स्वतःचं आणि कुणाचं बाहेर बसलेल्यांचं, हे मला अजून नेहमी कळत नाही. म्हणून अशा वेळी मी चष्म्यासकट एक फोटो जास्तीचा घेतो आणि तो पाकीट बापाच्या हातात देण्याआधी मुलीच्या हातात देतो.